वाकडी फुली

३१ डिसें., मंगळवार

काल येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी, भज्जी, आंबील, उंडे, सगळं यथासांग झालं. एवढ्या सगळ्यांचं रांधून बायको, सुलोचना, आज कंबर धरून बसलीय. पण लिहायचं ते वेगळंच.

द्राक्षात पाणी भरायला लागलंय, म्हणजे पोपट आलेच. म्हणून काल छर्ऱ्याची बंदूक पेटीतून काढून कोपीपाशी ठेवली होती. जेवणं झाल्यावर ज्याला त्याला ती हातात घ्यायची हौस. माझ्या हातात काही आली नाही, मी आंबील वाढत होतो. आज सकाळी थवा उतरला, बंदूक उचलली, स्कोपला डोळा लावला, तर आतली फुली वाकडी. आडवी रेघ मध्येच खचलेली, उभी कमरेत मोडलेली. बागेत तेलाचे रिकामे डबे टांगलेत, त्यातल्या एकावर छर्रा टाकला. बाजूनं गेला. दुसराही गेला. आम्ही पाखराला मारत नाही, डब्याला मारतो. टण वाजलं की थवा उठतो. आज डबा मुका, आणि पोपट निवांत जेवतायत.

स्कोप आपोआप वाकडा होत नाही.

१ जाने., बुधवार

एस.टी.त शेवटची वर्षं तपासणी पथकात काढली. तिथं केस लिहायचो तशी लिहून बघतो.

मुरुमचा मेहुणा. बंदूक घेतली, खांद्याला लावली, फोटो काढून घेतला, ठेवली. त्याच्या हातून काही बिघडायलाही अक्कल लागते.

रशीदभाई. शेवटी बंदूक त्यांच्याकडे होती. बराच वेळ. रशीदभाई म्हणजे माझे ड्रायव्हर, अर्ध्या नोकरीची जोडी. मी कंडक्टर. मी डबल बेल मारायची, त्यांनी गाडी सोडायची. रिटायर झाल्यावर माझ्या बांधाला लागून त्यांनी पेरू लावले. आणि इथंच पाणी मुरतंय. माझ्या बागेतून उठवलेले पोपट बसतात कुठं? त्यांच्या पेरूवर.

बिनतिकीट माणूस तिकीटवाल्यापेक्षा शांत बसतो. परवा र.भा. जेवणानंतर फार शांत होते.

२ जाने., गुरुवार

डब्यावर लागोपाठ दोन टण म्हणजे आमची डबल बेल. ती ऐकली की र.भा. बांध ओलांडून चहाला येतात. आज बेल झाली नाही तरी आले. का आले?

"मास्तर, आज गाडी सुटली न्हाय?"

म्हटलं, स्कोप बिघडलाय, फुली वाकडी झालीय. त्यांनी डोळा लावला, इकडं तिकडं फिरवली. "सरळ हाय की. कुनी छेडली म्हंता का?" मी तर छेडली म्हणालोच नव्हतो. चोराच्या मनात चांदणं.

सु.ला दाखवली. "सरळ तर हाय. अधिकाच्या खुणेगत." दोन साक्षीदार एकच बोलायला लागले की आधी बसून ठरलंय असं समजावं.

स्कोपच्या स्क्रूवरची धूळ जशीच्या तशी आहे, हे मात्र कोड्यात टाकणारं. पण धूळ काय, परतही टाकता येते.

५ जाने., रविवार

पेन्शनरांच्या ग्रुपवर विचारलं. चूक केली. विषय: 'एअरगनच्या स्कोपमधली फुली वाकडी झाली आहे, जाणकारांनी उपाय सांगावा.' जाणकार तुटून पडले.

एकानं: मान वाकडी करा, फुली सरळ होईल. दुसऱ्यानं: बंदूक उलटी टांगा, रेघा लोंबकळून आपोआप जाग्यावर येतात. कळंब डेपोचा एक जुना मित्र: डबाच तिरका टांगा म्हणजे हिशोब फिट. कोणीतरी: पोपटांना नोटीस काढा, थोडं डावीकडून येत जा. एकानं नुसतंच लिहिलं, 'नाचता येईना...' पुढचं अंगण मला पाठ आहे.

आणि र.भा.: 'उजव्या डोळ्याला रिटायर करा मास्तर, डाव्याला चार्ज द्या.' वर तीन हसणारी तोंडं.

ज्यानं केलं तोच जास्त हसतो. हा माझा अनुभव.

७ जाने., मंगळवार

न्हाणीत नव्या फरशा बसवल्यात. आज गवंड्यासारखा एक डोळा मिटून भिंत बघितली. सांधा सरळ जात नाही, मध्येच नागमोडी. भीमा गवंडी गेल्याच महिन्यात काम करून गेला, तेव्हा सरळ होती असं मला वाटतं, पण तेव्हा मी एक डोळा मिटून बघितली नसेल. फोन केला. म्हणाला, "मास्तर, त्या भिंतीवर तुमी गोटी ठिवून दाखवा, सरळ खाली न्हाय आली तर फरशी फुकट काढतो."

भिंतीवर गोटी कशी ठेवायची? चेष्टाच. सगळ्यांना सध्या माझी चेष्टा सुचतेय.

९ जाने., गुरुवार

ही नव्या वर्षाची वहीसुद्धा. एक डोळा मिटून बघितलं तर पानावरच्या ओळी मध्यभागी पाण्यावर तरंगल्यासारख्या. नळदुर्गच्या दुकानदारानं खपत नसलेला माल गळ्यात मारला. परत करायला गेलो. तो म्हणे, काका, बाकीच्या वह्या बघा. बघितल्या. सगळ्याच तशा. अख्खा गठ्ठा सदोष. त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चहा घेता का?"

नाही घेतला.

१२ जाने., रविवार

आज व्हायचं ते झालं.

र.भा. बांधावर आले. हातात पेरू, आमच्यासाठी आणलेले. मी विचारलं, येळवशीला बंदूक शेवटी कोणाकडे होती? म्हणाले, माझ्याकडंच. मी म्हटलं, मग?

"मग काय?"

म्हटलं, पोपट तुमच्या पेरूवर बसतात, माझी बंदूक बंद पडली की ते माझ्याकडेच राहतात. फायदा कोणाचा?

त्यांनी पेरूची पिशवी बांधावर ठेवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मास्तर, येवढी वर्सं माझ्या मागं डोळे मिटून उभं ऱ्हायलात. घाटात, पावसात. स्टेरिंग माझ्याकडं व्हतं. तवा इस्वास व्हता. आन बंदुकीवर न्हाय?" आणि गेले.

हे उत्तर नव्हतं. पथकात असं बोलणारे फार पाहिले, मूळ प्रश्नाला बगल देणारे. तरी पिशवी उचलून घरी आणली. सु.नं विचारलं, त्यांनी आत का नाही आणून दिली? सांगितलं, घाईत होते.

पेरू गोड आहेत. मी एकही खाल्ला नाही.

१४ जाने., मंगळवार

संक्रांत. दरवर्षी र.भा. सकाळीच येतात, "मास्तर, गोड खिलाव," म्हणत. आज नाही. सु.नं डब्यात तिळगूळ घालून त्यांच्या घरी पोचवला. येताना तोंड पडलेलं. त्यांनी तिळगूळ घेतला, मास्तर कसे आहेत एवढं विचारलं.

म्हटलं, चौकशी कशाला करतात?

सु. म्हणाली, "आता चौकशीचापन संशय घ्या."

१६ जाने., गुरुवार

रस्त्याकडच्या ओळींतले घड उष्टे झालेत. एका घडाला पाच-सहा मणी फोडले की बाकीचे कुजतात. पहाटे पत्रा वाजवत फिरलो. पोपट एका ओळीतून उठून दुसऱ्या ओळीत बसतात, मला ओळखून आहेत. पलीकडे र.भा. पेरूला फडकी बांधत होते. मी थांबलो तसे तेही थांबले. मग दोघं आपापल्या कामाला.

फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण बोलायला तो एकच माणूस होता.

१९ जाने., रविवार

छडा लावायचाच. फुली सरळ आहे का वाकडी हे तपासायला पक्की सरळ रेघ पाहिजे. भीमा गवंड्याला ओळंबा घेऊन बोलावलं. दोरी लिंबाच्या फांदीला बांधली, खाली लोखंड सोडलं. ते स्थिर झालं. आता फुलीची उभी रेघ दोरीशी ताडून बघायची, वाद मिटला.

स्कोपमधून बघितलं. फुली वाकडी. पण दोरीही वाकडी. तीही कमरेत मोडलेली.

म्हटलं, भीमा, तुझी दोरी वाकडी आहे.

"मास्तर, दोरी कशी वाकडी आसंल? खाली लोखंड लोंबतंय."

वारा असेल. वारा नव्हता. दोरीला गाठ असेल. हात फिरवून बघितला, गाठ नव्हती. भीमानं स्कोपमधून बघितलं. "रेघ दोरीवर बसली की. शिक्का मारल्यागत." त्याला र.भां.नी फोडला असावा असं क्षणभर वाटलं. मग भीमा ओळंबा गुंडाळताना माझ्याकडे असा बघत होता, जसं पेशंटकडे बघतात. चहा न घेता गेला.

२१ जाने., मंगळवार

काही लिहायचं नाही.

२३ जाने., गुरुवार

आज ठरवलं, ग्रुपवर उत्तर टाकायचं. एकेक उपाय करून बघितला, सगळे फालतू निघाले, असं. खोटं कशाला लिहा, म्हणून खरंच करून बघितले. मान वाकडी केली. काही नाही. बंदूक कोपीच्या मेढीला उलटी टांगली, तासाभरानं काढली. काही नाही. राहिला र.भां.चा. बंदूक डाव्या खांद्याला लावली, अवघडच जातं, आणि डावा डोळा लावला.

फुली सरळ.

आडवी आडवी, उभी उभी. अधिकाच्या खुणेसारखी.

परत उजवा. खचली. परत डावा. सरळ. कितीतरी वेळ हेच करत बसलो. मग घरी येऊन न्हाणीची भिंत बघितली, उजव्यानं आणि डाव्यानं. मग ही वही.

भीमाची भिंत सरळ आहे. नळदुर्गच्या दुकानदाराच्या वह्या चांगल्या आहेत.

ग्रुपवर काही टाकलं नाही.

२४ जाने., शुक्रवार

सु.ला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी देवापाशी दिवा लावत होतो, ती मागं येऊन उभी राहिली.

"काडी वातीच्या बाजूला धरलीया तुमी."

बघितलं तर खरंच.

म्हणाली, "पितरपाठापासून, भादव्यापासून बघतीया मी. चहा बशीच्या कडंला वतता. परवा समोरून येनाऱ्या पोष्टमनला ओळखलं न्हाय, तो मला म्हनला, मास्तर रागावलेत का."

म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"बोलले आस्ते तर तुमी म्हनला आसता, सुलोचनानंच वात सरकवली."

दुसरी काडी ओढली, ती तिनं माझा हात धरून वातीला लावली. मग ती हळूच म्हणाली, "भ्या वाटतंय का?" व्हय म्हटलं. इतक्या वर्षांत मी तिला असलं कधी सांगितलं नव्हतं.

२७ जाने., सोमवार. सोलापूर.

पहाटे दारात जीप. सु.नं माझ्या परस्पर र.भां.ना सांगितलेलं. मला कळलं असतं तर एस.टी.नं गेलो असतो. मी पुढं बसलो, सु. मागं. र.भां.नी इंजिन चालू केलं आणि स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. गाडी हलेना. मला वाटलं, आता काहीतरी सुनावणार.

"काय झालं?" मी विचारलं.

"बेल न्हाय झाली," म्हणाले.

दाराच्या पत्र्यावर दोनदा बोटं वाजवली. गाडी सुटली. जळकोट मागं पडलं. र.भा. रस्त्याच्या खड्ड्यांना शिव्या देत होते, म्हणजे बरं चाललं होतं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. डोळ्यात थेंब, मशीन, पडद्याचा फोटो. मधोमध फुगवटा. खालून पाणी मुरलं की रस्त्याचं डांबर उचलतं ना, तसा. म्हणाल्या, नजरेच्या नेमक्या मध्यावर आहे, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, एकदा नाही, अनेकदा. मी विचारलं, दुसऱ्या पेशंटचा फोटो नाही ना लागला चुकून? बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोटोवरचं माझं नाव दाखवलं.

कधीपासून आहे? मी म्हटलं, येळवशीपासून. सु. म्हणाली, पितरपाठापासून.

बाई म्हणाल्या, लवकर यायला हवं होतं. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही, आहे ते राखायचा प्रयत्न करू. आणि डाव्याकडेही लक्ष ठेवा. तिथंही सुरू होऊ शकतं.

डावाही. बाकीचं काही कानात शिरलं नाही.

२९ जाने., बुधवार

काल इंजेक्शन दिलं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही, भीती मात्र पुरती वसूल झाली. डोळ्यात तांबडा डाग. डाव्यानं लिहितोय, म्हणजे डाव्या डोळ्यानं. ओळी सरळ आहेत.

महिनाभर मी मेहुणा, गवंडी, दुकानदार, बायको, सगळ्यांची तिकिटं तपासत हिंडलो, आणि बिनतिकीट बसला होता माझ्याच खोबणीत. त्या महिन्यात सोलापूरला गेलो असतो तर? बाईंना विचारलं नाही. उत्तर ऐकायचं नाही.

३ फेब्रु., सोमवार

बाईंनी चौकटीचा कागद दिलाय. मध्ये ठिपका. रोज सकाळी एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, चौकटी वाकड्या दिसल्या तर कळवायचं. भिंतीवर चिकटवलाय. उजव्यानं अजून मध्ये खळगा दिसतो. आज थोडा कमी वाटला. का मला कमी वाटायला पाहिजे म्हणून वाटला? स्वतःच्या डोळ्याची साक्ष आता कशी धरायची?

डाव्यानं दोनदा बघतो. अजून सरळ आहे.

कागद नीट छापलाय ना हे सु.कडून तपासून घेतलं. ती म्हणाली, नीट हाय. विश्वास ठेवला.

९ फेब्रु., रविवार

र.भा. आले. मी म्हटलं, त्या दिवशी बांधावर जे बोललो... पुढचं वाक्य तयार केलं होतं, आलं नाही. त्यांनी हात हलवला, स्टॉपवरच्या माणसाला गाडी भरलीय म्हणून सांगतात तसा.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "ग्रुपवर म्या मजाक केली व्हती, मास्तर. उजव्याला रिटायर करा म्हनून. आल्लाकसम, आता ते वाचवत न्हाय."

म्हटलं, एवढ्या उपायांत तोच एक लागू पडला. नाहीतर मी अजून भीमाच्या भिंती पाडत बसलो असतो. यावर दोघंही हसलो. त्यांचं हसणं माझ्याआधी थांबलं.

जाताना विचारलं, डाव्याचं काय म्हंतायत? सांगितलं, अजून ड्युटीवर आहे.

१६ फेब्रु., रविवार

उद्या परत सोलापूर, दुसरं इंजेक्शन. जीप पहाटे येणार. बाई पडद्याचा फोटो काढतील, मग काय ते कळेल. सकाळी कागद बघितला. उजव्याचं सांगता येत नाही. डाव्यानं एका कोपऱ्यातली चौकट जराशी... परत बघितली, सरळ होती. बहुतेक सरळ होती. उद्या बाईंना सांगेन.

संध्याकाळी बागेत गेलो. राहिलेले घड गोड झालेत आणि पोपटांनाही ते कळलंय. बंदूक डाव्या खांद्याला लावली. बांधाजवळचा डबा घेतला. पहिला छर्रा कुठं गेला देव जाणे. दुसरा, टण. थवा उठला. एक बेल म्हणजे गाडी थांबवा. तशी कशी सोडायची? परत छर्रा भरला, श्वास धरला, दाबला.

टण.

लगेच पलीकडून आवाज आला, "आलो मास्तर, च्या टाका!" र.भा. पेरूच्या झाडांतून बाहेर आले. फार लवकर आले. डब्याच्या अगदी मागच्या बाजूनं. उजवा हात धोतराला पुसत होते, माती लागली असावी.

तो दुसरा टण माझ्या छर्ऱ्याचा का त्यांच्या खड्याचा, हे डब्याजवळ जाऊन चटकन कळलं असतं. खाली खडा पडलेला दिसला असता, नसता दिसला. पथकात होतो तेव्हा तर धावतच गेलो असतो.

बंदूक खांद्याला अडकवली आणि सु.ला चहा टाकायला सांगितला.